एन्गोरोंगोरो : विवरात उतरायला एकच दिवस आहे. मुक्काम कड्यावर की कराटूला?

रानभूल
टांझानियाचा बेत ठरतोय. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा, चार जण, त्यातले दोघे साठीच्या पुढचे. अरुशाहून गाडी घ्यायची, आधी सेरेंगेटीलगतच्या न्डुटूच्या माळावर तीन रात्री आणि परत येताना एन्गोरोंगोरोचं विवर, असा आराखडा आहे. विवरासाठी एकच दिवस निघतो. प्रश्न असे :
विवराच्या कड्यावर राहावं की खाली कराटू गावात? कड्यावरचे दर बघून डोळे फिरतात.
अर्धा दिवस पुरतो की पूर्ण दिवस ठेवायचा?
गाडीमागे वेगळी फी लागते म्हणे. एवढे पैसे मोजून उतरण्याजोगं तिथे काय आहे, जे न्डुटूला दिसणार नाही?
ज्येष्ठांना काही त्रास होऊ शकतो का?
ज्यांना हा भाग नीट माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. घाई नाही, बुकिंग अजून व्हायचं आहे.

कडेकपारी
पहिल्या प्रश्नाचं उत्तर तळावर किती वाजता पोचता यावर ठरतं, म्हणून आधी रस्ते समजून घ्या.

विवरात उतरा-चढायला तीन रस्ते आहेत. पश्चिमेचा सेनेटो फक्त उतरण्यासाठी. दक्षिणेचा लेराई फक्त चढण्यासाठी. पूर्वेचा लेमाला, ज्याला तिथल्या 'सोपा' लॉजवरून सोपा रोडही म्हणतात, त्यावर दोन्ही बाजूंनी वाहतूक चालते. उतरायला सकाळी सहापासून सोडतात, दुपारी चारनंतर सोडत नाहीत आणि संध्याकाळी सहापर्यंत सगळ्या गाड्या वर आलेल्या असाव्या लागतात.

आता कराटूहून हिशोब मांडा. लोडुआरे गेट, म्हणजे संरक्षित क्षेत्राचं प्रवेशद्वार, सहाला उघडतं. तिथे कागदपत्रं, मग दाट जंगलातून घाट चढून कडा, मग कड्याकड्यानं फिरून सेनेटोच्या तोंडाशी. या वळणाला धुकं असलं की गाडी बैलगाडीच्या वेगानं जाते. तळाला चाक लागेपर्यंत साडेसात, पावणेआठ होतात. पश्चिम किंवा दक्षिण कड्यावर राहिलात तर पावणेसातला खाली. पूर्व कड्यावर राहिलात तर लेमालानं साडेसहालाच.

हा तासाभराचा फरक क्षुल्लक नाही. रात्रभर शिकार करून तरस पाणथळीकडे परतत असतात ते याच वेळी, सिंह अजून सावलीला गेलेले नसतात, आणि काळा गेंडा तळावरच्या लेराई नावाच्या झाडीतून मोकळ्या गवतात आलेला असतो. नऊनंतर कराटूच्या गाड्यांचा लोंढा उतरतो आणि एका सिंहाभोवती वीस-वीस गाड्या लागतात. माझं मत स्पष्ट आहे : एकच दिवस असेल तर पैसे इतर ठिकाणी वाचवा, आदली रात्र कड्यावर काढा. त्यातही पूर्व कडा मिळाला तर उत्तम.

सह्यभटका
+१ कड्याला. फक्त थंडीची तयारी ठेवा. कडा सुमारे २,३०० मीटरवर आहे. विवराचा तळसुद्धा १,७०० मीटरच्या वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. आफ्रिका म्हणजे उकाडा असं मनात धरून फक्त सुती कपडे नेणाऱ्यांची पहाटे उघड्या छपराच्या गाडीत दातखीळ बसते. जाड स्वेटर, वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी. दहानंतर हेच सगळं उतरवायला लागतं, म्हणून एकावर एक थर.

नकाशेवाला
फीचा हिशोब देतो. परदेशी प्रौढाला संरक्षित क्षेत्राची फी ६० डॉलर अधिक १८ टक्के व्हॅट, म्हणजे ७०.८०. विवरात उतरायची फी गाडीमागे २५० अधिक व्हॅट, म्हणजे २९५. चार जणांचे २८३.२० आणि गाडीचे २९५, मिळून ५७८.२० डॉलर, फक्त त्या एका दिवसाचे. ५ ते १५ वयाच्या मुलांना कमी दर, पाचच्या आतल्यांना माफ. दर बदलत असतात, कोटेशन घेताना त्या हंगामाचे ताजे दर मागून घ्या.

गाडीची फी माणसांवर नसते, त्यामुळे दोघंच असाल तर माणशी दीडशे पडतात आणि सहा जण असाल तर पन्नासाच्या आत. चौघांना परवडण्याजोगं आहे.

आता खरी मेख. ती ७०.८० ची फी कॅलेंडरच्या दिवसाची नसून २४ तासांची असते. परवान्यावर आत शिरल्याची वेळ पडते आणि बाहेर पडताना लोडुआरेला ती बघतात. न्डुटूचा बहुतेक भाग याच संरक्षित क्षेत्रात येतो. तुम्ही पहिल्या दिवशी सकाळी ११ ला लोडुआरेतून आत गेलात, तीन रात्री न्डुटू, चौथी रात्र कड्यावर, तर पाचव्या दिवशी ११ ला चोवीस तासांचे चार खंड पूर्ण होतात. साडेअकराला बाहेर आलात तर पाचव्या खंडाचे चौघांचे आणखी २८३.२०. म्हणजे विवर बघायचं की घड्याळ, अशी ओढाताण होते. उपाय सोपा : पहिल्या दिवशी आत शिरायची वेळ मुद्दाम उशिरा ठेवा. अरुशाहून सावकाश निघा, वाटेत म्तो वा म्बू गावात थांबा, जेवून दुपारी दोनला गेटमधून आत जा. पाचव्या दिवशी दोनपर्यंत मोकळे.

रानभूल
नकाशेवाला, हे कोणत्याच एजंटनं सांगितलं नव्हतं. पण दोनला आत शिरून न्डुटूला उजेडात पोचू का?

नकाशेवाला
पोचाल, पण वाटेत रेंगाळायला वेळ उरत नाही. लोडुआरे ते न्डुटू साडेतीन तास धरा, रस्ता पूर्ण कच्चा. अंधार पडायच्या आत कँपात असायलाच हवं. त्यामुळे वाटेवरचं ओल्डुपायचं आदिमानवाच्या अवशेषांचं संग्रहालय त्या दिवशी जमणार नाही, ते न्डुटूहून परतताना करा.

माळरान
थोडं वेगळं मत मांडतो. विवर आता गर्दीचं ठिकाण झालंय. २६० चौरस किलोमीटरचा तळ, ठरलेले रस्ते, रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, आणि सेरेंगेटीचं अफाट माळरान बघितल्यावर चहूबाजूंनी भिंती असलेली जागा कोंडल्यासारखी वाटते. न्डुटूला फेब्रुवारीत विल्डबीस्टची पिल्लं जन्मत असतात, चित्ते, सिंह, तरस सगळे तिथेच असतात. तेच ५७८ डॉलर तरांगिरे उद्यानाला लावले तर हत्ती मनसोक्त दिसतील. विवर कड्यावरून बघा आणि पुढे चला.

कडेकपारी
माळरान, गर्दीबद्दल दुमत नाही. पण तरांगिरेचा सल्ला फेब्रुवारीला लागू होत नाही. तिथे हत्ती नदीकाठी दाटतात ते कोरड्या दिवसांत, जुलै ते ऑक्टोबर. फेब्रुवारीत पाणी सगळीकडे असतं, कळप उद्यानाबाहेर पांगतात.

आणि विवराचं म्हणाल तर एकच शब्द : गेंडा. न्डुटूला काळा गेंडा दिसण्याची आशा ठेवूच नये. विवरात १९६० च्या दशकात शंभरावर गेंडे मोजले गेले होते. शिंगांसाठीच्या चोरट्या शिकारीनं १९९५ पर्यंत दहा-पंधरा उरले. तिथून रेंजर्सनी एकेक जनावर डोळ्यांत तेल घालून राखत संख्या पुन्हा वर आणली. मोकळ्या गवतात चरणारा काळा गेंडा उत्तर टांझानियात बघायचा तर जागा हीच. एरवी हा प्राणी झुडपात तोंड खुपसून असतो, पाने-फांद्या खाणारा आहे तो.

भिंगवाला
गेंडा दिसतो याचा अर्थ जवळ दिसतो असा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. बहुतेक वेळा अर्धा किलोमीटर किंवा जास्त अंतरावर राखाडी ठिपका. ८x४२ ची दुर्बीण माणशी एक हवी, चौघांत एक नको, कारण जनावर वर मान करतं तेव्हाच दुर्बीण दुसऱ्याच्या हातात असते. ड्रायव्हर रेडिओवर 'फारू', म्हणजे गेंडा, म्हणाले की तयार राहा.

कॅमेऱ्यासाठी :
१००-४०० किंवा १५०-६०० लेन्स. पण दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा लहरायला लागते आणि दूरच्या जनावराचा फोटो कितीही महागड्या लेन्सनं पिठूळच येतो. दोष लेन्समध्ये नसतो. दूरचे फोटो नऊच्या आत उरका, दुपारी जवळची जनावरं आणि कड्याच्या भिंतीसकट रुंद फोटो घ्या.
बीनबॅगची (लेन्स टेकवायच्या उशीची) रिकामी पिशवी इथून न्या, अरुशाच्या बाजारात दोन किलो तांदूळ घेऊन भरा. परतताना तांदूळ ड्रायव्हरला द्या.
ट्रायपॉड गाडीत निरुपयोगी. फोटो घेताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, नाहीतर थरथर येते. गाडीत कुणी हललं तरी येते, तेव्हा आपसात खुणा ठरवून ठेवा.
लेन्स गाडीत बदलू नका. ती धूळ मैद्यासारखी बारीक असते.
ड्रोन नेऊच नका. परवानगीशिवाय बंदी आहे आणि विमानतळावरच अडकून पडतो.

तांबट
पक्ष्यांबद्दल कुणीच बोलत नाहीये! फेब्रुवारीत युरोपातले पांढरे करकोचे विवरातल्या गवतात शेकड्यांनी असतात. मुकुटवाले क्रौंच जोडीनं. कोरी बस्टर्ड म्हणजे आपल्या माळढोकाचा आफ्रिकेतला भाऊबंद, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत वजनदारांपैकी एक. नर मान फुगवून पांढऱ्या पिसांचा झुंबका करतो आणि शेपूट पाठीवर उलटी टाकतो. सोलापूरकडच्या माळावर माळढोक दिसणं आता दुर्मीळ झालंय, इथे त्याचा भाऊबंद रस्त्याकडेला चालताना दिसतो. त्याच्यासाठी पाच मिनिटं गाडी थांबवा, ड्रायव्हर आपणहून थांबत नाहीत, त्यांना वाटतं पाहुण्यांना सिंहच हवा.

रोहित विवराच्या तळावरच्या खाऱ्या मगादी सरोवरात असतात, पण संख्या पाण्यावर ठरते. पाणी फार वाढलं की क्षार पातळ होतात, त्यातली शेवाळं घटतात आणि लहान रोहित दुसऱ्या सरोवरांकडे जातात. एखाद्या वर्षी गुलाबी किनार, एखाद्या वर्षी चार-दोन ठिपके. त्यासाठी म्हणून जाऊ नका.

बाळबोध
एक शंका. हे विवर आपल्या लोणारसारखंच का? लोणारही ज्वालामुखीचंच ना?

खडकवाचक
बाळबोध, लोणार ज्वालामुखीचं नाही. दख्खनच्या बेसाल्टवर उल्का आदळून झालेला तो खड्डा आहे, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा. आघाताच्या दाबानंच तयार होणारी काच तिथल्या खडकात सापडते, तो पुरावा निर्णायक आहे. बेसाल्ट ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा, म्हणून गोंधळ होतो.

एन्गोरोंगोरो हा काल्डेरा. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वी इथे प्रचंड ज्वालामुखी होता. पोटातला लाव्हा बाहेर पडत गेला, खालचं कोठार रिकामं झालं आणि वरचा डोंगर आपल्याच वजनानं आत खचला. त्या खचण्यातून सुमारे १९ किलोमीटर रुंद, ६०० मीटर खोल अशी ही परात उरली. जगात असे काल्डेरे पुष्कळ आहेत, पण बहुतेकांत पाणी भरून तलाव झाले किंवा कडा फुटल्या. कडा अखंड, पाण्यानं न भरलेला आणि शांत झालेला असा एवढा मोठा दुसरा नाही.

लोणारशी साम्य आहे ते पाण्यात. दोन्हीकडे पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी उडतं, सोडा मागे राहतो. मगादीला मुंगे नदीचं पाणी येतं, ती शेजारच्या ओल्मोटी विवरातून निघते. मात्र आग्नेय बाजूचा एन्गोईटोकिटोकचा झरा गोड्या पाण्याचा, म्हणून पाणघोडे तिथे. एकाच परातीत खारं सरोवर, गोड झरा, दलदल, झाडी आणि गवताळ माळ असल्यामुळेच सुमारे २५,००० मोठे प्राणी वर्षभर इथे टिकतात. सेरेंगेटीतल्यासारखं स्थलांतरावर अवलंबून राहावं लागत नाही.

रानभूल
खडकवाचक, फार छान समजावलंत. मग जिराफ का नाहीत विवरात? एका एजंटनं सांगितलं की भिंती उभ्या आहेत, जिराफाला उतरता येत नाही.

खडकवाचक
ते कारण सगळीकडे सांगितलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. हत्ती, रानम्हशी, झेब्रे त्याच भिंतींवरून ये-जा करतात. जिराफाला खायला बाभळी लागतात आणि तळावर लेराईचा पट्टा सोडला तर झाडंच फारशी नाहीत. पोट भरायची सोय नसेल तर एवढी उतरण कोण उतरेल? इम्पाला हरणंही तळावर नाहीत, त्यांनाही झुडपं लागतात. हत्तींचंही तसंच. तळावर दिसतात ते बहुतेक म्हातारे, मोठ्या सुळ्यांचे नर. माद्या आणि पिल्लं कड्यावरच्या जंगलात राहतात.

पाणवठा
हत्तींबद्दल सहमत. लेराईत सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास हे थोराड नर पिवळ्या खोडांच्या बाभळींखाली उभे असतात. इंजिन बंद केलं की कानांची फडफड, सोंडेनं गवत उपटून गुडघ्यावर आपटून माती झाडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. माती झाडतात कारण मातीनं दात झिजतात, आणि शेवटचे दात झिजले की हत्तीचं आयुष्य संपतं. दलदलीतलं मऊ गवत अशा म्हाताऱ्यांना सोसवतं.

तरसांबद्दलही लिहितो. प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी १९६० च्या दशकात याच विवरात रात्री जागून अभ्यास केला. तोवर समज असा की सिंह मारतो आणि तरस उष्टं खातो. इथे उलटं आढळलं : तरस टोळीनं स्वतः शिकार करतात आणि सिंह येऊन ती हिसकावतात. सकाळी सिंह मढ्यावर आणि तरस भोवती बसलेले दिसले तर शिकार कुणाची ते बघून ठरवू नका. तरसांच्या तोंडावर, मानेवर ताजं रक्त आहे का ते दुर्बिणीतून पाहा.

माळरान
हे वाचून विवराबद्दलचं मत थोडं सैल करतो :) पण अर्धाच दिवस, यावर ठाम.

कडेकपारी
त्यावर माझंही तेच. साडेसहाला खाली गेलात तर साडेबारापर्यंत सहा तास होतात. बारा ते तीन जनावरं पसरलेली असतात, उजेड पांढरा फटक, ज्येष्ठ थकलेले. पूर्ण दिवस ठेवायचा तो गेंडा सकाळी दिसला नाही तरच, आणि तसं ड्रायव्हरशी आदल्या रात्री बोलून ठेवा.

क्रम असा सुचवतो. लेमालानं उतरलात की मुंगेच्या काठाचे गवताळ पट्टे, तिथे सकाळी सिंह. मग मगादीच्या पूर्वेनं लेराईच्या दिशेनं, गेंड्यासाठी नजर झाडी आणि सरोवर यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यावर. साडेनऊ-दहाला एन्गोईटोकिटोकला न्याहारी. तिथून गोरिगोर दलदल, आणि लेराई रस्त्यानं वर. एकदा गेंडा लांबवर दिसला की पुढे धावू नका. अर्धा तास तिथेच थांबा. चरत चरत तो रस्त्याकडे येतो की लांब जातो ते तेवढ्यात कळतं, आणि तोवर बाकीच्या गाड्या कंटाळून निघून जातात.

शिदोरी
न्याहारीवर माझा अधिकार :)

एन्गोईटोकिटोकला गाडीतून उतरता येतं, पण डबा बाहेर उघडू नका. घारी मागून येतात आणि हातातला घास घेऊन जातात, नखं बोटांना लागतात. खाणं गाडीत, छप्पर आणि खिडक्या बंद करून. मग हात धुऊन उतरा. पाण्याच्या कडेपासून लांब राहा, पाणघोडे तळ्यातच असतात.

शाकाहारी असाल तर लॉजला 'लंच बॉक्स शाकाहारी, अंडं चालतं की नाही' हे आदल्या संध्याकाळी लिहून द्या. तोंडी सांगितलं तर चिकन काढून उरलेलं सँडविच येतं. अरुशात गुजराती वस्ती जुनी आहे, भारतीय जेवण आणि किराणा सहज मिळतो. इथून नेण्याजोगं : दशम्या, मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळपोळी. तीन-चार दिवस टिकतात. ओलं खोबरं घातलेलं काही नको.

आणि महत्त्वाचं : टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. विमानतळावर काढून घेतात. खाऊ पुनर्वापराच्या डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भरा. प्रसाधनांची झिपवाली पाकिटं चालतात, पण ती परत न्यायची.

फुलोरा
घारींना ठेपले आवडले तर पुढच्या हंगामात त्या नाशिकला येतील :D

शिदोरी
येऊ देत, लोणचंही वाढू!

वैद्यबुवा
ज्येष्ठांबद्दल. पिवळ्या तापाची लस : विमान नैरोबी किंवा अदिस अबाबावरून जाणार असेल तर प्रमाणपत्र हवंच असं धरून चाला. भारतात परतताना विमानतळावर तपासतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो, अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर चालत नाही. त्यामुळे दोन्ही ज्येष्ठांनी आधी आपल्या डॉक्टरांना भेटावं. लस देता येत नसेल तर तसं सूट-प्रमाणपत्र मिळतं.

मलेरिया : कड्यावर थंडीमुळे डास कमी, पण न्डुटू आणि अरुशात धोका आहे. प्रतिबंधक गोळ्यांपैकी ॲटोवाकोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायचं, डॉक्सिसायक्लिन परतल्यावर चार आठवडे. गोळ्या मधेच सोडणं हीच नेहमीची चूक.

उंचीचा त्रास या पातळीला सहसा होत नाही, पण लॉजच्या पायऱ्या चढताना धाप लागते. पाठदुखी असलेल्यांना पुढच्या सीटवर बसवा, मागच्या चाकावरची सीट सर्वांत जास्त आपटते. दम्याचा त्रास असेल तर धुळीसाठी एन-९५ मास्क आणि इनहेलर हातच्या पिशवीत.

शौचालयं तळावर मोजकीच, लेराई आणि एन्गोईटोकिटोक. मध्येच 'जरा बाजूला थांबवा' चालत नाही. म्हणून पाणी कमी पिऊ नका, थांब्यांची वेळ ठरवून घ्या.

घाटवळण
गाडीविषयी विचारून घ्यायचं ते : फोर व्हील ड्राइव्ह, वर उचलणारं छप्पर, प्रत्येकाला खिडकी, दोन स्टेपन्या, चालू रेडिओ, चार्जिंगची सोय. तिथले प्लग बहुतेक ठिकाणी आपल्यासारखे गोल पिनांचे नसतात, चौकोनी तीन पिनांचे ब्रिटिश पद्धतीचे, ॲडॅप्टर न्या.

उतरणीला ड्रायव्हर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो का ते बघा. सतत ब्रेक दाबत उतरलं तर ब्रेक तापून पकड जाते, जळका वास येतो. वास आला तर थांबायला सांगायला संकोचू नका.

गेटवर खोळंबा होतो तो मुख्यतः कागदांमुळे. परवान्यावरचा गाडीचा नंबर आणि प्रत्यक्ष गाडी वेगळी, किंवा पासपोर्टवरचं नाव जुळत नाही. ऐन वेळी कंपनीनं गाडी बदलली की हे घडतं. आदल्या दिवशी परवाना स्वतः बघा. फीही कंपनीनं आधीच भरलेली असावी, गेटवर रोख चालत नाही.

सुगरण_मावशी
कड्यावरून येताना मसाई वस्ती दाखवतात म्हणे. जावं का?

पाणवठा
मावशी, जावं, पण आधी थोडं माहीत असावं. १९५९ मध्ये सेरेंगेटीपासून हे क्षेत्र वेगळं केलं ते मसाईंनी गुरांसह इथे राहावं आणि वन्यजीवही राहावेत, या कल्पनेवर. १९७४ मध्ये विवराच्या तळावरच्या मसाईंना वर हलवलं. २०२२ पासून सरकार कुटुंबांना हंडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेराला हलवतंय. सरकार म्हणतं लोकसंख्या आणि गुरं पेलवत नाहीत, स्थलांतर ऐच्छिक आहे. मसाई संघटना म्हणतात शाळा, दवाखान्यांच्या सोयी आखडून घेऊन ते भाग पाडलं जातंय. मला मसाईंची बाजू पटते, कारण ही जनावरं इतकी वर्षं त्यांच्या शेजारातच तगली आहेत.

वस्तीत जायचं तर रक्कम आणि त्यात फोटो धरलेत का हे उतरण्याआधी ठरवा. रस्त्यावर उभ्या मुलांचे चालत्या गाडीतून फोटो काढू नका.

माळरान
पाणवठा, सहमत नाही पूर्ण. १९५९ ला तिथे काही हजार माणसं होती, आता कितीतरी पट आहेत. जमीन तेवढीच. प्रश्न खरा आहे, उपाय वादग्रस्त आहे.

पाणवठा
प्रश्न खरा आहे हे मान्य. पण हलणार कोण हे ठरवताना कड्यावरची हॉटेलंही त्याच जमिनीवर आणि त्याच पाण्यावर आहेत, तीही मोजा.

संपादक मंडळ
हा विषय मोठा आहे, वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे प्रवासाविषयी बोलू.

सह्यभटका
चालायला आवडणारे असाल तर एम्पाकाई लक्षात ठेवा. त्याच डोंगररांगेतलं दुसरं विवर, तळाशी सरोवर. तिथे सशस्त्र रेंजर घेऊन पायी उतरता येतं. उतरण तीव्र, चढ दमवणारा, ज्येष्ठांसाठी नाही. स्वच्छ दिवशी कड्यावरून ओल्डोन्यो लेंगाई हा ज्वालामुखी दिसतो, तो अजून जागा आहे.

रानभूल
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असा बदल करतोय :
पहिला दिवस, दुपारी दोनला लोडुआरे, थेट न्डुटू. तीन रात्री. चौथ्या दिवशी सकाळी न्डुटूहून निघून ओल्डुपाय, दुपारी पूर्व कड्यावर मुक्काम. पाचव्या दिवशी सहाला लेमालानं खाली, साडेबाराला लेराईनं वर, दोनच्या आत गेटबाहेर. कड्यावरच्या एका रात्रीसाठी कराटूचा मुक्काम रद्द आणि अरुशाचं हॉटेल साधं घेतोय. काही राहिलंय?

नकाशेवाला
दोन गोष्टी. लेराईच्या माथ्यापासून लोडुआरे पाऊण तास धरा, म्हणजे साडेबाराला माथ्यावर आलात तर सव्वा-दीडपर्यंत गेट. जमतंय, पण जेवण कराटूला, कड्यावर नाही. आणि कोटेशनमध्ये 'विवर-फी समाविष्ट' हे वेगळ्या ओळीत लिहून घ्या. 'सर्व उद्यान फी समाविष्ट' एवढंच असलं तर गाडीचे २९५ त्यात धरलेले नसण्याची शक्यता असते आणि ते कड्यावर पोचल्यावर कळतं.

कडेकपारी
एक भर. सामान आदल्या रात्रीच गाडीत बांधून ठेवा आणि न्याहारीचे डबे रात्रीच सांगा. लॉजची न्याहारी साडेसहाला सुरू होते. तिच्यासाठी थांबलात तर पूर्व कड्याला मोजलेले पैसे वाया.

भिंगवाला
आणि तांदूळ अरुशातच घ्या, न्डुटूला दुकान नाही.